जुनी फायबरची मासेमारी बोट घेताना: कवच पारखा, लाकडावर भरवसा ठेवू नका

१९६० आणि ७० च्या दशकांत साच्यातून निघालेल्या फायबरच्या मासेमारी बोटी आजही रोजच्या वापरात दिसतात. त्यांचं मूळ इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं, वायरिंग दोन-तीनदा बदललेलं असतं, कित्येकदा डेकही नवं असतं. मूळचं उरतं ते बाहेरचं कवच, आणि ते अजून ठणठणीत असतं. अशी बोट पारखून घ्यायची, उघडायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा पाण्यात उतरवायची तर काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते या लेखात आहे. पाया एकच लक्षात ठेवा: काचतंतू आणि रेझिनचं कवच टिकतं, त्याच्या आत कोंडलेलं लाकूड कुजतं. म्हणून पैसे मोजायचे ते कवचाचे. बाकी सगळं बदलावं लागेल असं धरूनच व्यवहाराला बसा.

या बोटींची ओढ कशामुळे

अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची छोटी होडी बनवली. पुढच्या वीस वर्षांत लाकडी होड्यांची जागा फायबरने घेत आणली. हा पदार्थ किती ताण सोसेल याचा अंदाज सुरुवातीला पक्का नव्हता, त्यामुळे अनेक कारखाने हात राखून न ठेवता थरावर थर चढवत गेले. जुन्या बोटींचं कवच जाड असतं ते यामुळे.

जाड म्हणजे मजबूत, असं मात्र सरसकट समजू नका. ताकद काचेच्या धाग्यांची असते. रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवतं. मॅटवर, म्हणजे आडव्यातिडव्या पसरलेल्या काचतंतूंच्या चादरीवर, नुसतं रेझिन ओतून जाडी वाढवलेलं कवच वजनदार होतं आणि ठिसूळही. चांगल्या बोटीत मॅट आणि रोव्हिंग, म्हणजे जाड काचधाग्यांचं विणलेलं कापड, आलटून-पालटून बसवलेलं असतं आणि रेझिन दाबून बाहेर काढलेलं असतं. बिल्जमध्ये, म्हणजे डेकखालच्या सर्वात खोल भागात, जिथे रंग नाही तिथे, टॉर्च तिरका धरून बघा. रोव्हिंगची चौकटीची वीण स्पष्ट दिसली तर समाधान माना. रेझिनची तळी साचून घट्ट झालेली दिसली तर कामगार घाईत होता.

माझ्या मते खरी ओढ आहे ती आकाराची. १९६० च्या मायामी-नॅसॉ शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या खोल व्ही तळाच्या, एकतीस फुटी लाकडी ‘मॉपी’ने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली, आणि पाठोपाठ त्याच आकाराची बर्ट्राम ३१ फायबरमध्ये आली. तळाचा आडव्या पातळीशी असलेला कोन मागपर्यंत जवळपास २४ अंश ठेवला की लाट आपटत नाही, चिरली जाते, हे त्या बोटीने जगाला दाखवलं. त्याआधी, १९५८ मध्ये, बॉस्टन व्हेलरची तेरा फुटी बोट बाजारात आली होती. दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेली ही बोट डिक फिशर यांनी करवतीने मधोमध कापली आणि उरलेला तुकडा इंजिनावर चालवून दाखवला. ती छायाचित्रं १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात छापून आली. कार्ल मोझली यांच्या सीक्राफ्टने तळ पट्ट्यापट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्याचा कोन वेगळा ठेवला. या बोटी लाट आणि मासेमारी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या आहेत. काठ बुटके, त्यामुळे मासा आत ओढताना कमरेत वाकावं लागत नाही. रुंदी कमी, त्यामुळे छोट्या लाटांतून धक्के कमी. कवच जड, त्यामुळे वाऱ्यावर वाहताना चाल संथ.

पायरी १: आधी तळ ठरवा, मग बोट शोधा

खोल व्ही तळ धावताना सुखाचा, पण इंजिन बंद करून गळ टाकून बसलात की तो डुलतो. दोघे जण एका काठाला गेले की बोट कलते. उघड्या समुद्रात लांबवर जाणाऱ्याने २० ते २४ अंशांचा तळ घ्यावा. खाडीत, तलावात किंवा किनाऱ्यालगत थांबून मासे धरणाऱ्याला १५ ते १८ अंशांचा तळ जास्त मानवतो, आणि तो कमी ताकदीच्या इंजिनावर चालतो. पहिलीच जुनी बोट असेल तर पंधरा ते एकोणीस फुटांत राहा. वीस फुटांपुढे प्रत्येक फुटागणिक साहित्य आणि मेहनत झपाट्याने वाढते.

बोट अमेरिकी बनावटीची असेल तर ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या उभ्या भिंतीवर, उजव्या बाजूला बारा अक्षरांचा क्रमांक शोधा. नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा आहे आणि त्यातून बनावटीचं वर्ष कळतं. क्रमांक खरवडलेला असेल किंवा कागदपत्रांशी जुळत नसेल तर बोट कितीही मनात भरली तरी सोडून द्या.

पायरी २: बाहेरून पाहणी

बोटीच्या मागे पंधरा-वीस पावलं जाऊन उभे राहा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का? मग खाली शिरून तळाच्या मागच्या दीड मीटर भागाला कण्याला समांतर सरळ पट्टी लावा. ट्रान्समजवळ तळ खाली वळला असेल तर बोट धावताना नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात दाबते. मध्ये फुगवटा असेल तर वेगात नाळ वर-खाली आपटत राहते. ट्रेलरच्या चुकीच्या टेकूवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बोटींचा तळ असा बिघडतो. तो सरळ करणं जिकिरीचं काम आहे. दुसरी बोट बघणं त्यापेक्षा सोपं.

वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, खडूसारखा पांढरट झाला असेल तर तो उन्हाचा परिणाम, काळजीचं कारण नाही. तडे मात्र वाचायला शिका. एका बिंदूतून ताऱ्यासारखे फुटलेले तडे म्हणजे तिथे कधी तरी मार बसला आहे. कोपऱ्यांशी एकमेकांना समांतर जाणारे तडे म्हणजे तो भाग वाकतो आहे आणि आतला आधार गेला असण्याची शक्यता आहे. तळावर बारीक फोड असतील तर चष्मा लावून एखादा टोचा, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं. व्हिनेगरसारखा आंबट वास आणि चिकट द्रव आला की पाणी जेलकोटमधून झिरपून रेझिनशी मिसळलं आहे हे नक्की. मोजके फोड खरवडून, वाळवून इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरता येतात. सगळा तळ फोडांनी भरलेला असेल तर जेलकोट सोलून महिनोन्महिने वाळवण्याची तयारी हवी.

पायरी ३: ट्रान्सम

पाहणीतला सर्वात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जुन्या बोटींत ट्रान्सम म्हणजे फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये कोंडलेलं प्लायवुड. त्याला इंजिनाच्या बोल्टची, ड्रेन पाइपची, मासे शोधण्याच्या यंत्राच्या स्क्रूची भोकं पडलेली असतात आणि प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. वरच्या काठावरची पट्टी सैल असेल तर पाऊसही आत उतरतो.

प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने ट्रान्सम वाजवत जा, मडकं वाजवून घेतात तसं. निरोगी जागी आवाज टणक, खणखणीत येतो. कुजलेल्या जागी तो बसका होतो, मूठ उसळून परत येत नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोटभर अंतराने वाजवा आणि आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. अर्ध्या तासात कुजलेल्या भागाचा नकाशाच समोर येतो. बहुतेक वेळा तो तळाशी, ड्रेन पाइपभोवती आणि इंजिनाच्या खालच्या बोल्टपाशी सर्वात काळा असतो.

मग इंजिन अर्धं वर उचला, त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगा. ट्रान्सम कागदाएवढाही वाकता कामा नये. कोपऱ्यात तडा उघडझाप करत असेल तर उत्तर मिळालं.

शेवटची परीक्षा ड्रिलची, आणि त्यासाठी मालकाची परवानगी घ्या. आतल्या बाजूने, तळापासून थोडं वर, पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. बिटला टेप गुंडाळून खोली आखून घ्या, म्हणजे बाहेरचा पापुद्रा फुटणार नाही. आधी पांढरी पूड येईल, ती फायबरची. त्यानंतर फिक्या रंगाच्या कोरड्या, कुरकुरीत चुऱ्या आल्या तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, बोटांत दाबला की मातीसारखा लिंपणारा गाळ आला, किंवा भोकातून पाणीच ओघळलं, तर नवा ट्रान्सम घालावा लागेल. तपासून झालं की भोक इपॉक्सीने बुजवा. ओल मोजण्याचं यंत्र हाताशी असेल तर वापरा, पण तांब्याचा अंश असलेला तळाचा रंग आणि जवळची धातूची टाकी यांमुळे ते फसतं. ड्रिल फसत नाही.

मालक परवानगी देत नसेल तर ट्रान्सम कुजलेला आहे असं धरून भाव करा.

पायरी ४: डेक, तुळया, फोम

डेकवर टाचेने चाला. पाय दबला, किरकिरलं, की खालचं लाकूड गेलं. झाकणांच्या कडा आणि खुर्चीचे पाय बसवलेल्या जागा आधी कुजतात. डेकखालच्या लांब तुळया, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्याही अनेक बोटींत फायबरने मढवलेल्या लाकडाच्याच असतात. काही बोटींत आत फोम असतो आणि सगळी ताकद वरच्या फायबरच्या आवरणात असते. अशा बोटी दीर्घायुषी ठरतात. तपासणीचं झाकण उघडून तुळईला तशीच ड्रिलची परीक्षा द्या.

बोट तरंगती राहावी म्हणून डेकखाली भरलेल्या फोमचं दुखणं दिसत नाही. तो पाणी धरत नाही असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बुडून राहिला तर धरतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन कारखान्याच्या आकड्याशी पडताळा. इंजिन, इंधन आणि सामानाचं वजन वजा करूनही दोन-अडीचशे किलो जास्त भरत असतील तर ते पाणी फोममध्ये किंवा लाकडात आहे. बॉस्टन व्हेलरसारख्या सलग फोम भरलेल्या बोटीत ही तपासणी टाळूच नका, कारण तिथला फोम बांधणीचाच भाग असतो, नुसता उपसून नवा भरता येत नाही.

पायरी ५: टाकी, वायरिंग, इंजिन

फोममध्ये गाडलेली ॲल्युमिनियमची इंधनटाकी खालून गंजते, कारण ओल तिथे अडकून राहते. पेट्रोलचा वास आला की व्यवहार तिथेच थांबवून टाकी दाबाखाली तपासून घ्या. टाकी फायबरची असेल तर आणखी जपा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या टाक्यांचं रेझिन विरघळवतं आणि तो काळा चिकट गाळ इंजिनाच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

वायरिंग पूर्ण बदलायचं, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेने. यावर चर्चा नको. जुनं इंजिन चालू असेल तर वरकमाई. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सगळ्या सिलिंडरमध्ये जवळपास सारखं आहे का, एवढं पाहा.

पायरी ६: घ्यायची की सोडायची

कवच सरळ, ट्रान्सम कुजलेला, डेक मऊ: अशी बोट बेलाशक घ्या, भाव त्या मानाने पाडून. कवच सरळ आणि आतलं लाकूड कोरडं असेल तर मागितलेला भाव फार ताणू नका, अशी बोट क्वचित हाती लागते. कवच वाकडं, दोन थर एकमेकांपासून सुटलेले, किंवा तळावर कुणी तरी झाकपाक केलेली मोठी दुरुस्ती: फुकट मिळाली तरी नको. नव्या रंगाने चमकणाऱ्या बोटीपेक्षा धूळ खात पडलेली, कुणी हात न लावलेली बोट मी पसंत करेन, कारण तिच्यात काय बिघडलं आहे ते उघड दिसतं.

पायरी ७: उघडण्याआधी आधार द्या

डेक आणि तुळया काढल्या की कवच लवचीक होतं आणि ज्या टेकूवर उभं असेल त्याचा आकार घेतं. म्हणून आधी बोट समतळ करा, कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना रुंद टेकू द्या, काठावरून काठावर दोरी ताणून मापं लिहून ठेवा. सगळ्या तुळया एकदम काढू नका. एक काढा, नवी बसवा, मग दुसरीला हात लावा. प्रत्येक तुळईची उंची आणि जागा कापण्याआधी कवचावर रेखून ठेवा. एकदा ती गेली की आठवणीतून मापं निघत नाहीत.

डेक कापताना कडेला पाच-सात सेंटिमीटरची पट्टी राखा, नवं डेक त्यावर बसतं. करवतीची खोली डेकच्या जाडीपुरतीच ठेवा. काचेची धूळ फुप्फुसात गेली तर मोठं नुकसान करते: अंगभर सूट, चष्मा आणि धूळ गाळणारा चांगला मुखवटा हवाच. रेझिनच्या वाफांसाठी मुखवट्याला वेगळी गाळणीची काडतुसं लागतात.

ट्रान्सम शक्यतो आतून उघडा. आतला पापुद्रा कापून काढा, कुजलेलं लाकूड खरवडून संपवा, बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवा. त्यामुळे बोटीचा चेहरा आणि जेलकोट वाचतो. उघडलेला भाग पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

पायरी ८: चिकटवणं

नव्या बांधणीत पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आणि पुरेसं असतं. जुन्या, घट्ट झालेल्या फायबरवर नवा थर चढवताना मात्र इपॉक्सीची पकड सरस असते. ट्रान्सम, तुळया आणि कवचाची दुरुस्ती यांना इपॉक्सीच वापरा. त्यासोबत उलटसुलट ४५ अंशांत धागे टाकलेलं शिवलेलं कापड घ्या. साधी मॅट इपॉक्सीबरोबर नीट बसत नाही, कारण तिचे तंतू एकत्र धरणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवातच विरघळतो.

क्रम असा. आधी ॲसिटोनने पुसा, मगच घासा. उलट केलंत तर मेण आणि तेल घासकागदाने आत दाबलं जातं. ४० ते ८० नंबरच्या कागदाने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. कवचाला आरपार दुरुस्ती असेल तर कडा जाडीच्या बारापट लांब उतरत्या करा: सहा मिलिमीटर जाडीला बहात्तर मिलिमीटरचा उतार. तो उतार बघून जीव हळहळतो, एवढं चांगलं फायबर घासून टाकायचं म्हणून, पण जोडाची ताकद त्या उतारातच आहे.

ट्रान्समसाठी मरीन प्लायच्या १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या पूड मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने एकमेकींना चिकटवल्या की ३८ मिलिमीटर जाडी मिळते. मूळ जाडी मोजून तेवढीच राखा. फळी बसवण्याआधी तिच्या सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ इपॉक्सी पाजा. बाहेरच्या पापुद्र्यावर घट्ट इपॉक्सी खाचांच्या थापीने पसरा, फळी दाबा आणि कडांतून ती सगळीकडे बाहेर येईपर्यंत क्लॅम्प आवळा. जिथून आली नाही तिथे पोकळी आहे. आतल्या कोपऱ्यांत गोलाई भरा, कारण कापड काटकोनात वळत नाही, उचलतं. मग कापडाचे थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर रुंद.

मिसळलेली इपॉक्सी उभट भांड्यात साठवून ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने ती धुरावते. पसरट ताटात ओता. वाळल्यावर वर मेणचट थर आला तर पाण्याने आणि घासणीने धुवा, नुसत्या ॲसिटोनने तो जात नाही. पुढचा थर त्यानंतरच.

यापुढे बोटीत पडणाऱ्या प्रत्येक भोकाला एक नियम लावा. पाच मिलिमीटरचा स्क्रू हवा असेल तर लाकडात बारा मिलिमीटरचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध पाचचं भोक पाडा. पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही. जुन्या बोटी मेल्या त्या नेमक्या याच कामाच्या आळसाने.

काढलेल्या फोमची जागा रिकामी ठेवू नका. एक घनमीटर फोम स्वतःचं वजन वजा जाता जवळपास एक टन भार तरंगत ठेवतो. पाणी भरलेल्या बोटीत माणसांचा जीव त्यावर असतो. फोमखालून पाणी बिल्जकडे वाहून जाईल अशी वाट मात्र ठेवा.

पायरी ९: इंजिन निवडताना आधी वाळू

जुन्या बोटी हलक्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आखलेल्या होत्या. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक बहुधा जड असतं, आणि बुटक्या काठांच्या बोटीत त्या जादा किलोंनी मागचा भाग बसतो, डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं. नवं इंजिन घेण्याआधी बोट पाण्यात ठेवा, वजनातल्या फरकाएवढी वाळूची पोती ट्रान्समवर लादा, दोन माणसं मागे उभी करा आणि भोकं कुठे आहेत ते पाहा. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवून बरंच सावरता येतं. न सावरलं तर कमी ताकदीचं, हलकं इंजिन घ्या. ट्रान्समची उंचीही मोजा: वीस इंचाला पंचवीस इंची शाफ्ट घातला तर प्रोपेलर उगाच खोल जातो.

पायरी १०: पाण्यात

पहिल्या दिवशी बोट ट्रेलरच्या पट्ट्यासकट पाण्यात न्या आणि पाव तास नुसती तरंगू द्या. बिल्जमध्ये कोरडा कागद पसरून ठेवा, थेंब कुठून येतो ते त्यावर कळतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी झाकणं उघडा, वास घ्या, ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, असेल तर चालवा. सुरुवातीला शांत पाण्यात निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने, मग भरल्या टाकीने आणि माणसांसह. परत आल्यावर इंजिनाचे बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास थोडे सैल झालेले असतात, आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांवर केसाएवढा तरी तडा आला आहे का ते नखाने चाचपून बघा.

उभी करून ठेवताना ड्रेन प्लग काढा, नाळ वर राहील असा उतार द्या आणि कव्हर असं ताणा की पाऊस खोळंबणार नाही. वर्षातून एकदा तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रान्सम पुन्हा वाजवा.